सरस्वतीपुरमच्या घरातलं वायफाय

घरात चांगलं वायफाय लावून द्या, असं म्हणत मीच नवऱ्याच्या मागे लागले होते. सांगलीतल्या काही मुलांना मी संध्याकाळी ऑनलाइन गणित शिकवायचे. लग्न होऊन मैसूरला आले तेव्हा शाळेतली नोकरी सुटली, पण ही मुलं सुटली नव्हती. सरस्वतीपुरममधल्या आमच्या घराच्या भिंती जाड, आणि आत शिरलं की मोबाइलला रेंज नावालाच. इंटरनेटवाल्याने दिलेला राउटर हॉलमध्ये टीव्हीच्या मागे होता. मी मागच्या खोलीत बसून शिकवायला लागले की मुलांच्या पडद्यावर माझा चेहरा मध्येच थिजायचा. एकदा एका मुलीने सांगितलं, मॅडम, तुम्ही तोंड उघडं ठेवून थांबला होतात, आम्ही सगळे हसत होतो. त्या दिवशी मी ठरवलं की आता सांगायचंच.

नवऱ्याचं कामच ते होतं. हॉटेलं, कॉलेजं, छोटी ऑफिसं यांना तो फायरवॉल बसवून द्यायचा. बाहेरचं इंटरनेट आणि आतली माणसं यांच्या मधोमध बसवलेलं हे यंत्र. आत काय येतं, बाहेर काय जातं, कोणाला काय बघू द्यायचं, सगळं त्याच्यातून जातं. कुठल्याशा गिऱ्हाइकाने नवा घेतला म्हणून जुना फायरवॉल आणि त्याच्याबरोबरचे तीन अ‍ॅक्सेस पॉइंट एका रविवारी तो घरी घेऊन आला. जेवणाच्या ताटलीएवढे, पांढरे, गोल. छताला लावायचे आणि तिथून वायफाय खाली सोडायचं.

सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या मराठीत निम्मं कानडी असायचं. एवढी बरी भिंत, तिला भोकं कशाला, म्हणाल्या. सुम्ने एक डबी होती ती पुरत नव्हती काय? सुम्ने म्हणजे उगीच.  नवरा शिडीवर चढला आणि मी शिडी धरून उभी राहिले. ड्रिलची सगळी पूड माझ्या केसांत आणि ब्लाउजच्या गळ्यात पडत होती. तरी मला मजा येत होती. काम करताना तो छान दिसायचा. वायर कुठून न्यायची, कोपऱ्यात कशी वळवायची, हे त्याच्या बोटांना ठाऊक असायचं.

सगळं जोडून झाल्यावर त्याने लॅपटॉप उघडला आणि मला शेजारी बसवलं. पडद्यावर तीन ओळी होत्या. फायरवॉलला तीन अनोळखी यंत्रं सापडली होती आणि त्यांचं काय करायचं असं तो विचारत होता. नवरा म्हणाला, हे तिघे दारात उभे आहेत, मी हो म्हणेपर्यंत त्यांना काहीही करता येणार नाही. त्याने एकेकाला हो म्हटलं. छतावर एकेक निळा दिवा लागला. मग त्याने त्यांना नावं दिली: हॉल, मागची खोली, गच्ची. घरातल्या प्रत्येकाला वेगळा पासवर्ड दिला. मी विचारलं, एकच का नाही? तो म्हणाला, वेगळे असले की कोणाचं काय चाललंय ते वेगवेगळं दिसतं, गोंधळ होत नाही. मला ते टापटिपीचं वाटलं. गणिताच्या बाईला टापटीप आवडते.

त्या संध्याकाळी माझा वर्ग एकदाही अडखळला नाही. मी आनंदाने त्याला आवडतो तसा उपमा केला.

माझ्या सासरचे लोक जुन्या मैसूरच्या फौजेत आलेल्या मराठ्यांच्या घरातले. कित्येक पिढ्या इथेच गेल्या, पण घरात मराठी टिकवली, याचा नवऱ्याला फार अभिमान होता. ती मराठी आमच्याकडच्यासारखी नव्हती, एवढंच. लग्नानंतर आम्ही माझ्या मावसभावाच्या लग्नाला सांगलीला गेलो, तेव्हा पंगतीत वाढणाऱ्याला त्याने 'साकु, साकु' म्हणून हात आडवा केला. पुरे म्हणायचं होतं. माझ्या भावंडांनी तो शब्द उचलला आणि दोन दिवस त्याला साकूभावोजी म्हणून हाका मारल्या. तोही हसत होता. परतीच्या प्रवासात तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही. मला वाटलं, दमलाय.

अ‍ॅक्सेस पॉइंट लावल्यानंतर थोड्याच दिवसांनी त्याचे काका घरी आले. बोलता बोलता नवरा म्हणाला, दुपारी मोठा पाऊस येऊन सोडला. कानडीत तसंच म्हणतात. माझ्या तोंडून पटकन निघून गेलं, येऊन गेला म्हणा. काका मोठ्याने हसले. म्हणाले, बघ, बायको तुला आता मराठी शिकवायला लागली.

दुसऱ्या दिवशी माझा वर्ग सुरू होऊन जेमतेम समीकरण मांडलं होतं, तेवढ्यात सगळं बंद पडलं. बाहेर हॉलमध्ये सासूबाईंची मालिका टीव्हीवर व्यवस्थित चालू होती, आणि ती इंटरनेटवरच चालायची. मी लॅपटॉप बंद करून परत उघडला. गच्चीवर जाऊन पाहिलं. मोबाइलवर रिचार्ज नवराच करायचा आणि ते फक्त बोलण्यापुरतं असायचं, म्हणून तिकडूनही मार्ग नव्हता. वर्गाची वेळ संपल्यावर सगळं आपोआप सुरू झालं. मुलांच्या आयांचे निरोप येऊन पडलेले होते.

नवरा घरी आला, पाय धुतले, कॉफी घेतली आणि मग विचारलं, "मॅडम कुठे गायब झाल्या म्हणून पोरं हसली का तुला?"

 नेट गेलं होतं हे मी त्याला अजून सांगितलेलं नव्हतं.

पुढे हे नेहमीचं झालं. मी काही चुकले असं त्याला वाटलं की संध्याकाळी माझ्या लॅपटॉपचं आणि फोनचं नेट जायचं. काय चुकलं हे तो सांगायचा नाही. ते मी ओळखायचं. भाजीत मीठ जास्त, त्याच्या मित्राशी हसून बोलले, आईच्या फोनवर फार वेळ रेंगाळले. नेट परत हवं असेल तर मागायचं, आणि तेही जेवताना, त्याच्या आईसमोर. मी मागितलं की तो म्हणायचा, काय हवंय ते नीट मराठीत सांग, मला कळत नाही. मी परत सांगायची. सासूबाई ताटाकडे बघत भात कालवायच्या, पण त्यांच्या गालावर हसू दिसायचं. एकदा म्हणाल्या, नेट नसलं म्हणून कोण मरतंय का काय.

मुलं एकेक करून दुसरीकडे गेली. त्यांच्या आयांनी गोड शब्दांत कळवलं. शेवटी एकच मुलगी उरली, तीही मला तिची दया आली म्हणून नव्हे तर तिला माझी आली म्हणून.

तो ऑफिसात असला तरी सुटका नव्हती. फायरवॉलचं पान तो तिकडूनही उघडायचा. माझा फोन तीन पांढऱ्या ताटल्यांपैकी कुठल्या ताटलीला जोडलेला आहे ते त्याला दिसायचं, म्हणजे मी घरात कुठे आहे तेही. मी कपडे वाळत घालायला वर गेले की मेसेज यायचा: गच्चीवर फार वेळ लागतोय. मी दुपारी मागच्या खोलीत आडवी झाले की: झोपलीस? एकदा मी फोन स्वयंपाकघरात डब्यावर ठेवून गच्चीवर जाऊन बसले. शेजारच्या घरातल्या बाई मिरच्या वाळत घालत होत्या, त्यांच्याशी हवापाण्याच्या गप्पा मारल्या. खाली आले तर पाच मेसेज होते आणि शेवटच्यात लिहिलं होतं की फोन ठेवून जायची हुशारी पुन्हा करू नकोस. शेजारच्या घराच्या दारावर त्याच्याच ऑफिसने लावलेला कॅमेरा होता की त्याने नुसता अंदाज केला, हे मला आजही माहीत नाही. मी पुन्हा फोन ठेवून गेले नाही.

सासूबाईंचं एक गुपित होतं. मला ते उशिरा कळलं.

त्यांना एक मुलगीही होती, माझी नणंद. मी लग्न होऊन आले त्याच्या आधीच तिने आपल्या मनाने लग्न केलं होतं. मुलगा मराठीच, मैसूरचाच, विठ्ठलाच्या भक्तांपैकी एका शिंप्याच्या घरातला. पण फौजेतल्या घराण्याला शिंपी कसा चालेल? नवऱ्याने बहिणीचं नाव घरात बंद केलं. ती हिनकलला राहते, म्हणजे आमच्या घरापासून रिक्षाने थोडक्या वेळाचा रस्ता, पण तिचा फोटोसुद्धा भिंतीवर नव्हता.

सासूबाई दुपारी जेवण झाल्यावर मागची खोली लावून घ्यायच्या. नवऱ्याने आपला जुना टॅब त्यांना भजनं ऐकायला दिला होता; मला वाटायचं, त्या भजनं ऐकतात. एका दुपारी मी वाळलेले कपडे ठेवायला दार ढकललं, तर त्या पलंगावर टॅब गुडघ्याला टेकवून बसल्या होत्या आणि पडद्यावर त्यांच्यासारख्याच नाकाची एक बाई होती. ती उभी राहून आपलं पोट बाजूने दाखवत होती.

सासूबाईंनी टॅब उशीखाली सारला. मग माझा हात ओढून आपल्या डोक्यावर ठेवला आणि शपथ घ्यायला लावली. मी घेतली. उशीखालून आवाज येत होता, "अम्मा, कोण आलं? वहिनी काय? मला बघू दे तिला."

नंतरचे काही दिवस त्या घरातले माझे सगळ्यात चांगले दिवस होते. दुपारी आम्ही दोघी टॅबसमोर बसायचो. नणंद मोकळ्या मनाची होती, भरपूर बोलायची. आपल्या नवऱ्याच्या दुकानातली गंमत सांगायची, पायाला सूज आली की कॅमेरा पायाकडे न्यायची. सासूबाई मला त्या दिवसांत पोरी म्हणून हाक मारू लागल्या. बाळंतिणीसाठी आम्ही डिंकाचे लाडू करून ठेवले; त्या त्यांना अंटिनुंडे म्हणायच्या. मी खारीक कुटत होते आणि त्या गूळ चिरता चिरता आपल्या बाळंतपणाचं सांगत होत्या. जेवताना माझं नेट मागणं मात्र तसंच चालू होतं. आता त्या हसायच्या नाहीत, एवढाच फरक पडला.

मग एका दुपारी टॅब लागेना. वायफायची खूण दिसत होती, पण आत काहीच उघडत नव्हतं. सासूबाईंनी तो चारदा बंद करून चालू केला, माझ्याकडे दिला, मी परत दिला. मला काय झालंय ते कळलं होतं. सांगायला जीभ उचलली नाही.

रात्रीच्या जेवणाला नवरा शांत होता. रस्समचा वाडगा तोंडाला लावून संपवला आणि आईकडे न बघता म्हणाला, हिनकलशी बोलायचं असेल तर इथून सिटी बस जाते, पण मग तिकडेच राहायचं. सासूबाईंच्या हातातला घास तसाच राहिला. त्यांनी मान वळवली ती मुलाकडे नाही, माझ्याकडे. नवऱ्याने ते पाहिलं. मी त्याला ते पाहताना पाहिलं. त्याच्या तोंडावर क्षणभर काहीतरी सुचल्याचा भाव आला, आणि तो म्हणाला, "मला घरातूनच कळलं."

मी म्हणाले, आई, मी काही सांगितलं नाही. सासूबाई ताट घेऊन उठल्या.

त्या रात्रीपासून त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं. लाडवांचा डबा त्यांनी कोपऱ्यावरच्या गायींपुढे रिकामा केला. मी खिडकीतून बघत होते. गायींनाही ते नको होते, त्या नुसतं हुंगत होत्या. मी शपथ मोडली असं त्यांनी सगळ्या आळीत सांगितलं. मी दुधाला बाहेर पडले की बायका गप्प व्हायच्या. घरात मी शिजवलेलं त्या खात नव्हत्या. एका चुलीवर दोन भात शिजू लागले.

पुढच्या रविवारी नवरा हॉलमध्ये लॅपटॉप घेऊन बसला होता. सासूबाई देवळात गेल्या होत्या. मी समोर जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, आईंना खरं काय ते सांगा. त्याने मला शेजारी बसायची खूण केली, पहिल्या रविवारी केली होती तशीच. पडद्यावर टॅबचं नाव होतं आणि त्याच्यासमोर रोजच्या दुपारी. व्हिडिओ कॉलचं अ‍ॅप, केव्हा सुरू, केव्हा बंद, ताटली कुठली: मागची खोली. कोणाशी बोलतात ते फायरवॉलला कळत नाही, तो म्हणाला, म्हणून त्याने एका सकाळी आई आंघोळीला गेल्यावर टॅब उघडून पाहिला.

"हे बघ," तो म्हणाला, "तुझ्या तोंडाची मला गरजच नाही."

"मग सांगा ना त्यांना."

"कशाला? दोघी एक झालात तर मला कोण काय सांगणार? आता कुठली तरी एक दुसरीचं सांगायला येईलच."

तो हे रागाने म्हणाला नव्हता. काम समजावून सांगावं तसं म्हणाला.

सासूबाई देवळातून आल्यावर मी त्यांना मागच्या खोलीत गाठलं आणि जे पाहिलं, जे ऐकलं, ते शब्दाला शब्द सांगितलं. छताकडे बोट दाखवलं. त्यांनी वर त्या निळ्या दिव्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"यंत्र कधी चुगली करतंय का?" त्या म्हणाल्या. "माणसं करतात."

मी म्हणाले, आई, माणसानेच केली, तुमच्या मुलाने केली. त्या म्हणाल्या, आयतु, झालं, आता माझ्या पोटच्या पोरावर पण घाल.

नणंदेचे दिवस भरत आले होते आणि तिच्याकडे आमच्यापर्यंत पोचायचा कुठलाच रस्ता नव्हता. सासूबाईंचा एक साधा फोन होता, तो हॉलमध्ये सगळ्यांसमोर असायचा आणि त्यात नवऱ्याने तिचा नंबर कधीच बंद करून ठेवलेला होता. माझा नंबर तिला माहीत नव्हता. गरजच पडली नव्हती. म्हणून तिचा नवरा स्वतः आला.

सकाळची वेळ होती. मी गच्चीवर चादरी झटकत होते. गेटबाहेर स्कूटर थांबली आणि एक दाढी वाढलेला माणूस उतरला. टॅबवर मी त्याला एकदा पाहिलं होतं. माझा नवरा ऑफिसला निघालाच होता. तो गेटपर्यंत गेला आणि गेट न उघडता उभा राहिला. तो माणूस हात जोडून बोलत होता. काल रात्री मुलगी झाली, अवघड गेलं, बायको सारखी अम्मा अम्मा करते आहे, एकदा आईला पाठवा, मी नेतो, मी आणून सोडतो. मला वर सगळं ऐकू येत होतं. नवऱ्याने शांतपणे सांगितलं की इथे तिचं कोणी नाही, आणि परत आलास तर पोलिसांना बोलावीन. मग मोटारसायकल काढून, त्या माणसाच्या बाजूनेच, निघून गेला. तो माणूस थोडा वेळ गेटला धरून उभा राहिला. मी वरून हाक मारली तोवर त्याने स्कूटर चालू केली होती. त्याने ऐकलं नाही.

मी धावत खाली आले. सासूबाई देवापुढे बसल्या होत्या. मी म्हणाले, आई, तुम्हाला नात झाली. जावई आले होते, यांनी त्यांना घालवून दिलं. चला, मी तुमच्याबरोबर येते, आपण आत्ता रिक्षाने जाऊ.

त्यांचे हात थांबले. एक क्षण मला वाटलं, त्या उठतील. पदर सावरला होता त्यांनी. मग म्हणाल्या, दिवस कुठे भरलेत अजून? आणि हॉलमधल्या फोनवरून त्यांनी मुलाला विचारलं. मी समोरच उभी होते. त्याने काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही, पण फोन ठेवल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं त्यावरून कळलं.

"सिलेंडरवाला आला होता म्हणे," त्या म्हणाल्या. "मला तिकडं पाठवून घराबाहेर काढायचंय तुला. मला कळत नाही काय?"

मी त्यांचा दंड धरला. त्यांनी हिसडा देऊन सोडवून घेतला आणि परत देवापुढे जाऊन बसल्या. मी एकटी जायला हवं होतं का? दवाखाना कुठला ते मला माहीत नव्हतं. ते विचारायला माणूसही उरला नव्हता.

बारसं झाल्यावर त्यांना कळलं. अग्रहार भागातल्या ज्या शिंप्याकडे त्या वर्षानुवर्षं ब्लाउज शिवून घ्यायच्या, तो जावयाच्या नात्यातला निघाला. त्याने माप घेता घेता अभिनंदन केलं आणि विचारलं, बारशाला दिसला नाहीत, तब्येत बरी नव्हती काय? सासूबाई घरी आल्या त्या चपला न काढता आत आल्या. माझ्या समोर येऊन एवढंच म्हणाल्या, चल.

 वाटेत एका दुकानाशी रिक्षा थांबवून त्यांनी बाळासाठी एक झबलं आणि टोपडं घेतलं. हुणसूर रस्त्याला लागल्यावर त्यांनी माझा हात हातात घेतला आणि हिनकल येईपर्यंत धरून ठेवला. मला वाटलं, आता तरी मिटलं. त्या मनातल्या मनात काय जुळवत होत्या याची मला कल्पना नव्हती.

नणंदेने दार उघडलं. टॅबवर दिसायची त्याच्या निम्मी झाली होती. आतून बाळाचं कुरकुरणं ऐकू येत होतं. आईला पाहून तिने दाराची चौकट धरली आणि वाट अडवून उभी राहिली.

"तेव्हा आली नाहीस," ती म्हणाली. "आता कशाला?"

सासूबाईंनी झबलं पुढे केलं. तिने घेतलं नाही. मग माझ्याकडे बोट करून, अगदी ठाम आवाजात, सासूबाई म्हणाल्या, "हिला माहीत होतं. हिनं मला सांगितलंच नाही."

मी त्यांच्या शेजारीच उभी होते. आताच त्यांच्या हातातून माझा हात सुटला होता.

नणंदेने मला विचारलं, खरं काय, वहिनी? मी म्हणाले, मी त्याच सकाळी सांगितलं होतं, चला म्हणाले होते. सासूबाई म्हणाल्या, खोटं. देवाशप्पथ खोटं. आणि रडायला लागल्या. ते रडणं खरं होतं.  नणंद आमच्या दोघींकडे आळीपाळीने बघत राहिली. तिचे डोळे कोरडे होते. ती म्हणाली, तुमच्या घरात काय चालतं ते तुमच्याजवळ ठेवा, माझ्या पोरीला त्यातलं काही नको. मगूला, या बाळाला, तुझा वाससुद्धा लागू देणार नाही, अम्मा. आणि तिने दार लावलं. कडी घातल्याचा आवाज आला.

झबल्याची पिशवी सासूबाईंनी उंबऱ्याजवळ ठेवली. आम्ही रस्त्यापर्यंत चालत आलो. रिक्षा थांबली तेव्हा मी त्यांना बसवून दिलं आणि स्वतः बसले नाही. त्यांनी विचारलंही नाही.

मी त्या दिवशी सरस्वतीपुरमला परतले ते चालत, वाटेतल्या प्रत्येक शाळेत शिरून गणिताची बाई हवी आहे का असं विचारत. तिसऱ्या की चौथ्या शाळेत हवी होती. बदलीवर, निम्म्या वर्षापुरती. मुख्याध्यापिकेने कानडी येतं का विचारलं. मोडकं येतं, म्हणाले. ती म्हणाली, आकडे तेच असतात.

घरी जाऊन बॅग भरली. नवरा आला तेव्हा मी हॉलमध्ये बसले होते, कारण न सांगता जायचं नव्हतं. त्याने अडवलं नाही. ओरडला नाही. लॅपटॉप उघडला, माझ्यापुढे फिरवला आणि माझ्या फोनचं नाव दाखवलं. एका बटणाने ते पुसलं. मग लॅपटॉपचं. मग तो म्हणाला, झालं, या घरात तू आता कुठल्याच खोलीत नाहीस. सासूबाई स्वयंपाकघरात होत्या. भांड्यांचा आवाज चालू राहिला.

आता मी अग्रहारात एका वरच्या खोलीत राहते. निम्म्या वर्षाची नोकरी पुढे कायम झाली. घटस्फोटाचं कोर्टात चालू आहे. तारखेला तो इस्त्रीचा शर्ट घालून येतो आणि न्यायाधीशांशी फार अदबीने बोलतो. सासूबाई त्याच्याजवळ आहेत. टॅब त्याने परत घेतला असं ऐकलं.

नणंद एक दिवस मुलीला कडेवर घेऊन माझ्या शाळेच्या गेटशी आली. त्या सकाळी मी आईंना चला म्हणाले होते, हे शेजारच्या बाईंनी ऐकलं होतं आणि ते तिच्यापर्यंत पोचलं होतं. तिच्या नवऱ्यालाही गच्चीवर चादर झटकणारी बाई दिसली होती, तेवढं तिला पुरलं. तिने माफी मागितली नाही, मीही अपेक्षा केली नव्हती. आम्ही रसाच्या गाड्यावर उभ्या राहून उसाचा रस प्यायलो. आता ती मला पोरीचे फोटो पाठवते. एकच अट घातली आहे: अम्माला दाखवायचे नाहीत.

मागच्या महिन्यात बाजारात सासूबाई भेटल्या. खूप वाळल्या आहेत. शेंगा निवडत होत्या. मला पाहून त्यांनी आधी इकडे तिकडे पाहिलं, मग जवळ आल्या आणि माझ्या खांद्याला लावलेल्या पर्सकडे बघत म्हणाल्या, "फोनमध्ये असंल की एखादा. एकदा बघते नुसतं."

पोरीला पहिला दात आला होता त्याच सकाळी. तो फोटो सगळ्यात वर होता.

"नाही, आई," मी म्हणाले.

"एकपण नाही?"

"एकपण नाही."

त्यांनी मान हलवली. परत शेंगांकडे वळल्या आणि भाजीवाल्याला भाव विचारला. मी पलीकडच्या गाड्यावरून कोथिंबीर घेतली, तिथेच उभं राहून मुळं मोडून टाकली, आणि शाळेची वेळ होत होती म्हणून निघाले.